मदत हवी आहे: डिपार्टमेंट स्टोअरच्या रोषणाईचं लाइव्ह शूट, एक्स्पोजर कसं धरू?

मंडळी, जाणकारांनी प्लीज लवकर सांगा. पुढच्या आठवड्यात एका लक्झरी डिपार्टमेंट स्टोअरचा सणाचा इव्हेंट शूट करायचाय. बाहेर गर्दी, गाणारा ग्रुप, मग काउंटडाउन आणि शून्याला अख्ख्या इमारतीची रोषणाई एकदम लागते नि शोकेसचे पडदे वर जातात. तीन कॅमेरे आहेत, थेट प्रक्षेपण आहे, रीटेक नाही.

माझी अडचण त्या एका क्षणाची आहे. आधी अंधार आणि मग हजारो एलईडी, एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) ऑटोवर ठेवलं तर दिवे लागताच सगळं पांढरंफटक होतं आणि कॅमेरा सावरेपर्यंत नेमकी हवी ती फ्रेम गेलेली असते, एका छोट्या कार्यक्रमात माझं हेच झालंय, एडिटमध्ये काही वाचवता आलं नाही आणि ते अजून मनातून जात नाही. मॅन्युअल ठेवायचं हे कळतंय पण किती ठेवायचं? दिवे आधी दाखवणार नाहीत म्हणतात. शिवाय शोकेसच्या काचेत समोरची सगळी गर्दी दिसते, त्याचं काय करू?

प्रतिसाद १
दिवे न बघता जाऊ नका. पाहुण्यांना नका दाखवू म्हणावं, पण आदल्या रात्री लाइटिंगवाले टेस्ट करतातच, तेव्हा पाच मिनिटं मागून घ्या. वाइड कॅमेरा (अख्खी इमारत दिसणारा) दिवे लागल्यानंतरच्या एक्स्पोजरला लॉक करा, आधीची फ्रेम काळोखी दिसली तरी दिसू द्या, काउंटडाउन दुसऱ्या कॅमेऱ्यावर दाखवा आणि शून्याला वाइडवर कट करा. तिसरा फक्त चेहऱ्यांवर, दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडतो तो शॉट मला तर इमारतीपेक्षा जास्त आवडतो. निळ्या एलईडी असतील तर साधा वेव्हफॉर्म (चित्रातल्या उजेडाचा आलेख) फसवतो, निळा चॅनल आधीच फुटलेला, म्हणजे मर्यादेबाहेर गेलेला असतो, म्हणून आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख) बघा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद, ६० ची असेल तर १/६० किंवा १/१२०, तरीही काही स्वस्त डिमरवर पट्टे येतात, ते टेस्टलाच कळतं.

प्रतिसाद २
काचेसाठी पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा लेन्सचा फिल्टर), पण समोरून अगदी सरळ उभं राहिलात तर काही उपयोग नाही, काचेशी साधारण ३५ अंशांचा तिरका कोन धरा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), रात्री तेवढा जड जातो. क्लोजअपला सरळ लेन्सचा रबरी हूड काचेला टेकवा. आणि गाणी कुठली वाजणार ते आधी विचारा, हक्क नसलेलं रेकॉर्डेड गाणं असेल तर लाइव्ह मध्येच म्यूट होऊ शकतं.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. चेहऱ्यांचा कॅमेरा डोक्यातच नव्हता, हातातला कॅमेरा तिथेच लावते. टेस्टचं लाइटिंगवाल्यांशी आजच बोलते. अजून एक, साउंड मिक्सरवरून लाइन घेतली तर गर्दीच्या आवाजासाठी वेगळा माइक कुठे लावू, स्पीकरपासून किती लांब?