कानाच्या पडद्याचं ऑपरेशन: कानामागून चिरा का आतून दुर्बिणीने? दोन डॉक्टर, दोन मतं

सिंहगडरोडवाला:
नमस्कार मंडळी. वय 34. डावा कान लहानपणापासून वाहायचा, शाळेत असताना टिळक टँकला पोहायला गेलो की दुसऱ्या दिवशी उशीवर पिवळा डाग ठरलेला. नंतर बरीच वर्षं शांत होता म्हणून मीही दुर्लक्ष केलं. गेल्या पावसाळ्यात ढोल पथकाच्या सरावाला नदीपात्रात भिजलो आणि परत सुरू झालं. आता औषधांनी दोन महिने कोरडा आहे.

रिपोर्टवर लिहिलंय मध्यम आकाराचं सेंट्रल परफोरेशन (म्हणजे पडद्याला भोक), पुढच्या-खालच्या भागात. ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी, आकडा जास्त तितकं ऐकू कमी) डावा 38 डेसिबल, उजवा 15. दोघा डॉक्टरांना दाखवलं, दोघंही टिम्पॅनोप्लास्टी (पडदा दुरुस्तीचं ऑपरेशन) टाइप 1 म्हणतात. पण पेठेतले सिनियर डॉक्टर म्हणाले कानामागे चिरा घेऊन कानशिलाजवळचं पातळ आवरण काढून लावू, आणि बाणेरचे तरुण डॉक्टर म्हणाले चिरा कशाला, कानातूनच करू आणि कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो ना त्यातलं कार्टिलेज (कूर्चा, मऊ हाड) घेऊ. गंमत म्हणजे दोघंही 'दुर्बिणीतून' म्हणाले!! मग फरक काय? आणि रिपोर्टवर भोक सेंट्रल म्हणजे मध्ये आणि शिवाय पुढे-खाली, हे एकाच वेळी कसं?

दुसरं म्हणजे आत्ता मार्च चालू आहे. गणपतीला ढोल वाजवता येईल का? (बायकोने हे विचारू नको म्हणून सांगितलंय.)

अभि_हडपसर:
भावा माझं दोन्ही प्रकाराने झालंय, म्हणून लिहितो. पहिलं 2019 ला, कानामागून. डोक्याला फेट्यासारखी पट्टी बांधून घरी आलो तर आमच्या चाळीतल्या पोरांना वाटलं अपघात झाला. दुखलं फारसं नाही पण कानाचा वरचा भाग तीन-चार महिने बधिर होता, हात लावला की दुसऱ्याचाच कान वाटायचा. आणि आपल्या पुण्यात खरा त्रास हेल्मेटचा, काढताना-घालताना कान दुमडतो आणि टाके नेमके तिथेच. महिनाभर बसने ऑफिसला गेलो. चष्म्याची काडी पण तिथेच येते, ते आधी कोणी सांगत नाही.

तीन महिन्यांनी तपासलं तर पडदा सगळीकडे धरलेला पण अगदी पुढच्या कडेला बारीक फट राहिलेली. कुठल्या हॉस्पिटलात ते लिहीत नाही, डॉक्टर वाईट नव्हते. दुसरं 2021 ला, एंडोस्कोपने, कार्टिलेज लावून. त्या उंचवट्यावर दोन टाके, दुसऱ्या दिवशी घरी. आज कान कोरडा आहे, ऐकू पण बरं येतं. म्हणून मी म्हणेन एंडोस्कोप बेस्ट.

ओटीतली_ताई:
अभि, राग मानू नकोस, पण तुझ्या दुसऱ्या वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या, रस्ता पण आणि ठिगळ पण. मग यश एंडोस्कोपचं का कार्टिलेजचं हे कसं ठरवणार?

मी अकरा वर्षं ईएनटीच्या (कान-नाक-घसा) ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, डॉक्टर नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण लोक इथे जो घोळ घालतात तो आधी सोडवते. यात तीन वेगळे प्रश्न आहेत. आत जायचं कुठून, ठिगळ कशाचं, आणि ते पडद्याच्या कुठल्या बाजूने लावायचं. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी असू शकतात. कानामागून जाऊन कार्टिलेज लावतात, कानातून जाऊन आवरण पण लावतात.

दुर्बिणीचं म्हणाल तर मराठीत आपण मायक्रोस्कोपलाही दुर्बीण म्हणतो आणि एंडोस्कोपलाही, तिथेच पेशंट फसतो. मायक्रोस्कोप वर टांगलेला असतो, सर्जनचे दोन्ही हात मोकळे, एका हाताने रक्त ओढायचं आणि दुसऱ्याने काम करायचं. पण त्यातून सरळ रेषेतच दिसतं, कानाच्या नळीला पुढून हाडाचा फुगवटा असला की पडद्याची पुढची कड त्यामागे लपते. मग कानामागून जायचं आणि कधी कधी ते हाड थोडं घासायचं. एंडोस्कोप म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची नळी, ती आतच जाते म्हणून वळणापलीकडचं दिसतं आणि बाहेर चिरा लागत नाही. पण ती एका हातात धरावी लागते, काम उरलेल्या एका हाताने. थोडं जरी रक्त आलं तरी काच लाल होते आणि पुसत बसावं लागतं. हात बसलेला असेल तर काही नाही, नसेल तर मी घड्याळ बघत उभी राहिलेली आहे.

आता ठिगळ. कानशिलाजवळच्या स्नायूवरचं आवरण काढलं की ओल्या टिश्यू पेपरसारखं असतं, हातात गोळा होतं. ते एका सपाट ठोकळ्यावर पसरून वाळवायचं, मग ट्रेसिंग पेपरसारखं होतं, कापायला सोपं. पातळ, लवचिक, पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेलं. कार्टिलेज कडक, ते आत ओढलं जात नाही. ज्यांची नाकामागून कानाकडे जाणारी नळी नीट चालत नाही, पडदा आत खेचला जातो, किंवा आधीचं ऑपरेशन फसलंय, त्यांच्यात त्याकडे कल जास्त. कडक म्हणून ऐकू कमी येईल असं वाटतं, पण पातळ कापून लावलं तर ऐकण्यात फारसा फरक पडत नाही असंच बहुतेक तुलनांमध्ये दिसलंय. काढताना वरची दोनेक मिलिमीटर कड ठेवतात, म्हणजे कानाचा आकार बिघडत नाही. भोक अगदी बारीक असलं तर पाळीतली चरबी भरूनही भागतं, पण तुमचं मध्यम आहे.

आणि बाजू. आजी गोधडीला ठिगळ आतून लावायची ना, तसं हल्ली बहुतेक वेळा पडद्याच्या आतल्या बाजूने लावतात. आधी भोकाची कड खरवडून ताजी करतात, कारण जुनी कड बरी होऊन बसलेली असते, ती नव्याला धरत नाही. ठिगळाला खालून विरघळणाऱ्या स्पंजचा आधार देतात. वरून लावायची पद्धत मोठ्या आणि पुढच्या भोकांना उपयोगी, पण त्यात पडदा भरून आल्यावर जागेवरून बाहेर सरकायची किंवा पुढचा कोपरा बुजायची भीती असते. पुढच्या भोकाचं दुखणंच हे, तिथे रक्तपुरवठा कमी आणि ठिगळ टेकायला कडही कमी. अभि, तुझी फट तिथेच राहिली ते नवल नाही.

सेंट्रलचं उत्तर राहिलंच. सेंट्रल म्हणजे मधोमध नव्हे, चारी बाजूंनी पडद्याची थोडी का होईना कड शिल्लक आहे असं. ही चांगली बातमी. कडेपर्यंत गेलेलं किंवा वरच्या कोपऱ्यातलं भोक असलं की हाड पोखरणारा आजार आहे का ते बघावं लागतं, आणि ते ऑपरेशनच वेगळं.

यशाचं विचाराल तर दोन्ही रस्त्यांनी साधारण 85 ते 95 टक्के सांगतात.

कोथरूडचे_नाना:
आमच्या लहानपणी लसणीचं कोमट तेल घालत असत, कान ठणठणीत. आता उठसूट ऑपरेशन.

ओटीतली_ताई:
नाना, भोक असलेल्या कानात तेल घातलं की ते सरळ मधल्या कानात जातं. कृपा करून कोणी घालू नका. मार लागून पडदा फाटला तर बहुतेक वेळा आपोआप दोन-तीन महिन्यांत भरून येतो, कदाचित त्याचंच श्रेय लसणीला मिळालं असेल.

कोथरूडचे_नाना:
बरं. पण टाइप 1 चा अर्थ कोणी सांगितला नाही तो मी सांगतो, माझं स्वतःचं 1988 ला झालंय (हो, तेलानंतर). 1950 च्या दशकात जर्मनीत वुल्स्टाइन यांनी या शस्त्रक्रियेचे पाच प्रकार पाडले. टाइप 1 म्हणजे आतली तिन्ही हाडं शाबूत, फक्त पडदा शिवायचा. पुढचे आकडे म्हणजे हाडांची झीज. तेव्हा एस्टिमेटवर 1 बघून सगळ्यात साधं म्हणून हसू नका, त्यातच नशीब आहे.

सिंहगडरोडवाला:
ताई, हात जोडून धन्यवाद. आणि ढोल?

ओटीतली_ताई:
बायकोचं ऐका आधी. ठिगळ नीट धरलंय का ते तीन महिन्यांनी ऑडिओग्रामसकट बघतात, तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, विमान डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा. ढोलाने ठिगळ उडेल याची मला एवढी भीती नाही. पण रांगेत उभं राहिलं की आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो आणि आतल्या कानाची नस गेली तर तिला कुठलंच ठिगळ नाही. तुमचं आत्ताचं 38 हे पडद्यामुळे आहे, ते सुधारू शकतं. नसेचं सुधारत नाही.

सिंहगडरोडवाला:
अपडेट देतो. परत पेठेतल्या डॉक्टरांकडे गेलो आणि ताईंचे तिन्ही प्रश्न सरळ विचारले. आधी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, मग केसपेपरच्या मागे पेनाने कान काढला आणि म्हणाले तुमच्या कानाच्या नळीला पुढून फुगवटा आहे, मला मायक्रोस्कोपमधून पुढची कड अर्धीच दिसते, म्हणून कानामागून. मी म्हटलं मग एंडोस्कोप? तर म्हणाले मी एंडोस्कोप फक्त शेवटी बघायला वापरतो, पूर्ण ऑपरेशन त्याने करायला मला जमत नाही, खोटं कशाला सांगू. ठिगळाचं विचारल्यावर म्हणाले तुमच्या पुढच्या भोकाला कार्टिलेजचा आधार देऊ, हरकत नाही.

बाणेरच्यांनाही फोन केला. ते म्हणाले गेली काही वर्षं जवळजवळ सगळे पडदे एंडोस्कोपनेच करतो, फुगवट्याचा अडथळा नाही. आता ज्याचा हात ज्यावर बसलाय त्याने ते करावं असं धरलं तर दोघंही बरोबरच की. शेवटी हेल्मेटने निकाल लावला, बाणेर. एप्रिलचा पहिला आठवडा मिळालाय.

पथकात सांगून टाकलंय या वर्षी ध्वज धरीन.

कोथरूडचे_नाना:
ध्वज ढोलांच्या पुढे असतो हे लक्षात आहे ना? उजव्या कानातही बोळा घाला.