‘कटसिद्धांत’ या शब्दात ‘सिद्धांत’ कशासाठी?

प्रश्न

लोकांचा सरकारवरील विश्वास आणि राजकीय कटांच्या कथा यांविषयीच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करताना ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ या शब्दापाशी मी अडलो आहे. ‘षड्यंत्र सिद्धांत’ आणि ‘कटसिद्धांत’ हे दोन्ही प्रतिशब्द छापील मराठीत दिसतात, पण दोन्ही कानाला खटकतात. शिवाय त्याच लेखात ‘ट्रस्ट’ हा शब्द पानोपानी येतो. त्यासाठी सगळीकडे ‘विश्वास’ लिहावे की काही ठिकाणी ‘भरवसा’ अधिक नेमका ठरेल, याचाही निर्णय होत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

खटकण्याचे कारण ‘सिद्धांत’ या उत्तरपदात आहे. ज्याचा अंत, म्हणजे निष्कर्ष, सिद्ध झालेला आहे तो सिद्धांत. पायथागोरसच्या सिद्धांतावर कोणी मत देत नाही, त्याची सिद्धता मांडतो. इंग्रजीतील ‘थिअरी’ मात्र बोलण्याच्या ओघात नुसत्या अटकळीलाही चालते, आणि ‘कॉन्स्पिरसी थिअरी’त ती याच सैल अर्थाने आली आहे. आपण तिचा शब्दशः अनुवाद केला आणि ज्या दाव्याला पुरावा नाही म्हणून नाव ठेवायचे, त्यालाच सिद्ध झाल्याचे प्रशस्तिपत्र देऊन बसलो. माझ्या मते येथे ‘कटकल्पना’ हा शब्द चालावा.

पूर्वपद म्हणून ‘कट’च का, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. ‘षड्यंत्र’ शब्दाचा संबंध मारण, उच्चाटन, वशीकरण अशा सहा तांत्रिक प्रयोगांशी जोडला जातो, त्यामुळे अदृश्य आणि सर्वशक्तिमान हाताची सूचना त्यात आधीच येऊन बसते. ‘कारस्थान’ या शब्दाचा प्रवास उलट्या दिशेचा आहे. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर रघुनाथरावांच्या विरोधात मुत्सद्द्यांनी जी जूट बांधली, तिला ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणतात. त्या प्रयोगात निंदेपेक्षा राजकारणपटुत्वाचा अर्थ अधिक आहे. आज मात्र कोणाला ‘कारस्थानी’ म्हटले तर ती शिवीच ठरते. ‘कुभांड’ तर खोट्या आळाचेच नाव आहे, त्यामुळे निकाल आधीच लागतो. या सर्वांत ‘कट’ सर्वांत कोरडा शब्द आहे. दोघांनी किंवा अधिकांनी बेकायदा कृत्य करण्याचे आपसांत ठरवणे, एवढाच त्याचा कायद्यातला गाभा. भारतीय दंड संहितेत त्यासाठी 1913 साली स्वतंत्र प्रकरण जोडले गेले.

या शब्दाच्या इतिहासात एक गंमत आहे. नाशिक कट, लाहोर कट, 1929 चा मीरत कट ही सारी खटल्यांची नावे आहेत, आणि त्यांत कटाचा आरोप करणारे सरकार असून आरोपी प्रजा आहे. आज आपण ज्यांना कटकल्पना म्हणतो, त्यांत बहुधा प्रजा आरोप करते आणि सरकार आरोपीच्या पिंजऱ्यात असते. शब्द तोच राहिला, बोट दाखवण्याची दिशा बदलली.

इंग्रजी संज्ञेबद्दलही एक कटकल्पना प्रचलित आहे. केनेडी यांच्या हत्येच्या अधिकृत चौकशीवर टीका करणाऱ्यांना गप्प करण्यासाठी अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने ही संज्ञा 1967 मध्ये घडवली, असे सांगितले जाते. त्या वर्षीचे एक अंतर्गत परिपत्रक खरोखर अस्तित्वात आहे आणि टीकाकारांना उत्तर कसे द्यावे, याच्या सूचनाही त्यात आहेत. परंतु तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी ‘समाजाविषयीची कटकल्पना’ या अर्थाने हीच संज्ञा त्याच्या कित्येक वर्षे आधी वापरली होती. समाजात जे वाईट घडते ते कोणा बलवान गटाने योजल्यामुळेच घडते, या समजुतीवर त्यांचा आक्षेप होता. कट होतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. खऱ्या कागदावर न घडलेल्या गोष्टीचा मजला कसा चढतो, याचे याहून नीटस उदाहरण मला सुचत नाही.

आता ‘ट्रस्ट’विषयी. ‘विश्वास’ या शब्दात ‘श्वस्’ हा धातू आहे. निर्धास्तपणे श्वास घेता येणे हा त्याचा मूळ भाव. ‘कॉन्स्पिरसी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थही ‘एकत्र श्वास घेणे’ असाच आहे. दोन भाषांनी एकाच क्रियेतून परस्परविरुद्ध शब्द घडवावेत, हा योगायोग अनुवादात उतरवता येणार नाही, पण आपल्याला तो ठाऊक असावा.

‘भरवसा’ अपेक्षित वर्तनाशी बांधलेला असतो. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तर आपण निराश होतो, म्हशीने विश्वासघात केला असे म्हणत नाही. अमेरिकेत 1958 पासून लोकांना विचारले जाते, की सरकार योग्य तेच करील असे आपल्याला किती वेळा वाटते. तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी ‘जवळजवळ नेहमी’ किंवा ‘बहुतेक वेळा’ असे उत्तर दिले होते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही खाली आहे. अशा पाहणीच्या संदर्भात मी ‘भरवसा’ लिहीन. सरकारने माहिती दडवली, खोटे सांगितले, असा विषय असेल तेथे ‘विश्वास’. हा भेद पाळला तर एक विसंगतीही उघडी पडते: साधे काम वेळेवर करण्याबाबत सरकारवर तिळमात्र भरवसा नसलेला माणूसच पुष्कळदा असे मानतो, की हजारो लोकांचा सहभाग असलेले गुपित तेच सरकार वर्षानुवर्षे सांभाळू शकते.

आक्षेप

‘कल्पना’ या शब्दावर माझा आक्षेप आहे. अमेरिकेतील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षे शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांना सिफिलिसवरील उपचारांपासून जाणूनबुजून दूर ठेवले. ते उघड होण्यापूर्वी कोणी तसे बोलून दाखवले असते, तर आपण त्यालाही ‘कटकल्पना’ म्हणून झिडकारले असते. संशयी माणसाची थट्टा करणारा शब्द सत्तेच्या सोयीचा असतो.

उत्तर

आपला आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच सगळे एका शब्दात कोंबू नये. मराठीत आपण शंका विचारतो आणि संशय घेतो. शंका फिटू शकते, कारण ती उत्तर ऐकण्याच्या तयारीने विचारलेली असते. ‘यात कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे म्हणणारा नागरिक अजून शंकेपाशीच असतो. जून 1972 मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, विरोधी पक्षाच्या कार्यालयात, चोर पकडले गेले तेव्हा जे होते त्याला ‘कटाचा संशय’ म्हणावे. वार्ताहर, न्यायालय आणि सिनेटची समिती यांनी कागद पुढे आणले तसा तो ‘कटाचा आरोप’ झाला. आणि ऑगस्ट 1974 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला तोवर ‘कट’ एवढाच शब्द पुरेसा होता. टस्कीगीबद्दल तसे बोलणाऱ्याचे म्हणणेही संशय या पायरीवर बसले असते, कल्पनेच्या नव्हे. ‘कटकल्पना’ हा शब्द मी अशाच दाव्यासाठी राखून ठेवीन, ज्यात पुरावा न सापडणे हाच तो दडवल्याचा पुरावा मानला जातो आणि चौकशी करणारी प्रत्येक नवी समिती कटात सामील ठरते. केवळ सरकारविरुद्ध आहे म्हणून एखाद्या दाव्याला हा शब्द लावू नये, आणि सरकारनेच रचलेल्या अशा दाव्याला लावायला कचरूही नये.

राहिला व्यक्तिवाचक शब्द. ‘कटकल्पक’ करू नये. ‘कल्पक’ ही मराठीत स्तुती आहे, आणि कट त्यानेच आखला असाही अर्थ निघेल. लांबट वाटले तरी ‘कटकल्पनांवर विश्वास ठेवणारा’ असेच लिहावे. सरकारवर अविश्वास दाखवणाऱ्याने तो विश्वास दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यावर ठेवलेला असतो, हे त्या रचनेत आपोआप दिसते.