‘डिग्री म्हणजे निव्वळ कागद’? जरा थांबा

डोंगरवाट: “डिग्री म्हणजे निव्वळ कागद. सहा महिन्यांचा फुलस्टॅक कोर्स करा, गिटहबवर चार प्रोजेक्ट टाका, नोकरी पक्की.” ही पोस्ट सगळीकडे फिरतेय. ही कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांची शुद्ध दिशाभूल आहे. कॅम्पसला अनेक सर्व्हिस कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्के मागतात. फॉर्म तिथेच बाद झाला तर गिटहबवरचा तुमचा कोड उघडतंय कोण? अमेरिकेच्या एच-१बी वर्क व्हिसाला डिग्रीच्या एका वर्षाच्या बदल्यात अनुभवाची तीन वर्षं धरतात. डिग्रीच नसेल तर बारा वर्षांचा अनुभव दाखवा!

पायवाट_पुणे: अमेरिका म्हणजे जग नव्हे. जर्मनीत नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना डिग्रीशिवाय ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, मिळतं. गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा संबंधित अनुभव हवा आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर. आता रोजच्या कामातलं उदाहरण घ्या. डेटाबेसचा इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, आधी शहर मग तारीख अशी लावलीय आणि क्वेरीतली, म्हणजे डेटा मागणाऱ्या आज्ञेतली, अट फक्त तारखेवर आहे. टेबल लहान तोवर कळत नाही, लाखो ओळी झाल्या की पान उघडेना. डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारं एक्सप्लेन लावून बघायचं हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

डोंगरवाट: एक्सप्लेनमध्ये जे दिसतं ते कळायला इंडेक्सची क्रमवार रचना, म्हणजे बी-ट्री, माहीत लागते. क्रम आधी शहराचा, म्हणून नुसत्या तारखेने शोधता येत नाही. हे दुसऱ्या वर्षाला असतं. लक्ष दिलं तर.

कंसातला: दुसऱ्या वर्षाचं राहू द्या, पहिल्या वर्षीच वाट लावतात. सी भाषा शिकवायला अजून टर्बो सी हे कोड चालवायचं जुनाट सॉफ्टवेअर! ६४ बिट विंडोजवर ते थेट चालतच नाही, म्हणून जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंबायचं. त्यात इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा; त्याची मर्यादा ३२७६७, त्यात एक मिळवला की थेट −३२७६८. पोरगं तेच पाठ करतं आणि बाहेर त्याच कामाच्या जीसीसीवर इंट चार बाइटचा निघतो.

चाळीसगावकर: लॅबची मशिनं जुनी, प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक टर्बो सी मधल्या क्लियरस्क्रीन आणि गेटसीएच या कमांड शोधतो. मास्तरांनी करायचं काय? घरी बसून शिव्या घालणं सोपं आहे.

कंसातला: जुन्या मशिनचं कारण सांगूच नका. कोडब्लॉक्स हे कोड लिहायचं सॉफ्टवेअर मिनजीडब्ल्यूसकट, म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीसकट, फुकट मिळतं आणि जुन्या मशिनवरही चालतं. त्याहून संताप आणणारा प्रकार म्हणजे आय ची किंमत एकाने वाढवणारे आय++ आणि ++आय एकाच ओळीत जोडून “आउटपुट सांगा” विचारणं. सी च्या स्टँडर्डनुसार ते अनडिफाइंड आहे, म्हणजे बरोबर उत्तरच नाही. जीसीसीला इशारे मागणारा वॉल फ्लॅग द्या, तो स्वतः वॉर्निंग देतो. आणि पेपरात यावर मार्क!

चाळीसगावकर: हा प्रश्न काढायला हवा, हे मान्य. पण त्यावरून अख्खी डिग्री फुकट ठरत नाही.

पायवाट_पुणे: ६० टक्क्यांच्या चाळणीचंही मान्य करतो, नाइलाजाने. पण ती पहिल्या नोकरीपुरतीच. तीन-चार वर्षांनी इंटरव्ह्यूत विचारतात ते प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहकांसाठी चालू असलेली सिस्टिम, कोसळल्यावर लॉगमध्ये, म्हणजे तिच्या नोंदींत, आधी काय पाहिलंत, जुन्या व्हर्जनवर रोलबॅक कसा केलात.

डोंगरवाट: पहिली नोकरीच नसेल तर प्रॉडक्शन दिसणार कुठून? पोस्ट फ्रेशरसाठी आहे, मी त्यांच्याबद्दलच बोलतोय.