मदत हवी आहे: वहिनीची पेन्शन नावामुळे अडकली आहे

कोरेगाव_८७
कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा. वहिनीची फॅमिली पेन्शन मंजूर आहे, पण नाव जुळत नाही म्हणून स्पर्श या पेन्शन पोर्टलवर पुढे सरकत नाही. आधारवर एक नाव, दादाच्या सर्व्हिस रेकॉर्डला दुसरं. रेकॉर्ड ऑफिसला तीनदा कागद पाठवले, तिन्ही वेळा परत आले. बँक म्हणते आमच्या हातात काही नाही. सोमवारी पुन्हा जायचंय. प्रतिज्ञापत्र पुरतं की गॅझेटच (राजपत्रात नावबदल) करावं लागतं? एवढंच सांगा.

कृष्णाकाठ
दादा आर्मीत होते की सीआरपीएफमध्ये? सेवेत असताना गेले की रिटायर झाल्यावर? नावात काय फरक आहे, स्पेलिंगचा की अख्खं नावच वेगळं?

तळेगावकर
गॅझेट करा, मोकळे व्हा. माझ्या बायकोचं केलं होतं. आधारवर पूर्ण नाव बदलायचं तर गॅझेटशिवाय घेतच नाहीत.

कोरेगाव_८७
आर्मी. सेवेत असताना. नाव पूर्ण वेगळं आहे. वहिनीचं माहेरचं नाव रेखा, शाळेचा दाखला आणि आधार त्याच नावाने. लग्नात दादाने ताटातल्या तांदळात अंगठीने वैशाली लिहिलं. मी शेजारीच उभा होतो. युनिटमध्ये लग्नाची नोंद केली ती वैशाली नावाने, सरपंचांच्या दाखल्यावर. लग्न ग्रामपंचायतीत नोंदवलेलं नाही. आता साहेब विचारतात रेखा कोण आणि वैशाली कोण. त्यांना आपल्याकडची पद्धत माहीतच नाही. वहिनी त्यांच्यासमोर उभी असताना विचारलं, "दुसरी बायको आहे का?"

माईची_लेक
वाचून अंगावर काटा आला. माझ्या आईलाही १९९९ साली असंच काहीतरी विचारलं होतं. आई घरी येऊन काही बोलली नाही, नुसती भांडी घासत बसली. तुमच्या वहिनींना एकटीला पाठवू नका.

निवृत्त_बराकवाला
मी २२ वर्षं क्लार्क होतो, यातलीच कामं केली. गॅझेटने आजपासूनचं नाव बदलतं. जुन्या कागदांवरची रेखा आणि वैशाली ही एकच बाई, हे त्याने सिद्ध होत नाही. त्यासाठी एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतंच, आणि ते नोटरीपेक्षा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं बरं. सोबत पोलीस पाटील आणि सरपंचांचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचे फोटो, पत्रिका असेल तर तीही. सगळं थेट पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून शिफारशीच्या पत्रासह जाऊ द्या.

तळेगावकर
म्हणजे गॅझेट नको? उद्या प्रत्येक ठिकाणी हाच त्रास होईल. मी तरी गॅझेटच सांगेन.

निवृत्त_बराकवाला
करा की, पण पेन्शन त्यासाठी थांबवू नका. आधी प्रतिज्ञापत्र.

खटावचा_पाहुणा
ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढलंत का? वीरपत्नीला कार्डाची वर्गणी लागत नाही. आणि कँटीन कार्डही. आमच्या गावात एका बाईंनी पाच वर्षं काढलंच नव्हतं.

कोरेगाव_८७
कार्ड आहे. मला पेन्शनचं विचारायचंय.

कृष्णाकाठ
दादा कसे गेले ते तुम्ही अजून सांगितलं नाही. ते महत्त्वाचं आहे.

कोरेगाव_८७
लडाखला होता. मार्च २०२३. चौकी १५ हजार फुटांवर. पहाटे टेंटमध्ये श्वास लागला, खाली आणेपर्यंत गेला. आदल्या रात्री मुलीशी बोलला होता. याचा नावाशी काय संबंध?

निवृत्त_बराकवाला
नावाशी नाही, पेन्शनशी आहे. मंजूर झाली ती कोणती? ऑर्डिनरी, स्पेशल की लिबरलाइज्ड?

कोरेगाव_८७
पेन्शन म्हणजे पेन्शन. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन असं लिहिलंय.

निवृत्त_बराकवाला
अहो, थांबा. नाव आज ना उद्या दुरुस्त होईल. पेन्शनचा प्रकार दुरुस्त नाही झाला तर जन्माचं नुकसान आहे. समजा शेवटचा पगार ४० हजार होता. ऑर्डिनरीत पहिली १० वर्षं ५० टक्के, म्हणजे २० हजार. नंतर ३० टक्के, म्हणजे १२ हजार. स्पेशलमध्ये ६० टक्के, २४ हजार, आणि ते १० वर्षांनी उतरत नाही. वर महागाई भत्ता वेगळा. मृत्यू सेवेमुळे किंवा सेवेत बळावलेल्या आजाराने झाला असं मान्य झालं तर स्पेशल मिळते. १५ हजार फुटांवर श्वास लागून गेलेला माणूस नैसर्गिक मृत्यूत कोणी टाकला? याबाबत इंग्रजीत एखादं पत्र आलं होतं का? त्यात 'नॉट ॲट्रिब्युटेबल टू मिलिटरी सर्व्हिस', म्हणजे मृत्यू लष्करी सेवेमुळे नाही, असं असेल.

माणदेशी_सई
यात आईचं काय? सगळं सुनेला, आणि ज्या आईने वाढवलं तिने बघत बसायचं? २०२४ मध्ये एका शहीद कॅप्टनच्या आईवडिलांनी हेच मांडलं होतं, वारसाचा नियम बदला म्हणून.

माईची_लेक
सून म्हणजे परकी का? लेकरं कोण सांभाळतंय?

कोरेगाव_८७
आमच्या घरात वाद नाही. ग्रुप इन्शुरन्समध्ये दादाने आईचं आणि वहिनीचं निम्मं निम्मं नाव लावलं होतं, तसे पैसे आले. आई वहिनीसोबतच राहते. हा विषय इथे नको, कृपा करा. पत्र शोधतो.

कृष्णाकाठ
मी म्हणेन लिबरलाइज्डच मागा, पूर्ण पगाराइतकी. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वीरपत्नीच्या बाजूने निकाल दिला. तिचे पती २०१३ साली नियंत्रण रेषेवर गस्तीत असताना थंडीत श्वास लागून गेले होते. २०१९ ला लष्करी न्यायाधिकरणाने तिला हक्क दिला, तरी सरकार अपिलात गेलं. न्यायालयाने अपील फेटाळलं आणि सरकारला तिला ५० हजार रुपये खर्च द्यायला लावला. अशा बाईला कोर्टात खेचायलाच नको होतं, असंही म्हटलं.

निवृत्त_बराकवाला
तो निकाल मोलाचा आहे, जोडाच. पण तिथे नियंत्रण रेषेवरच्या कारवाईतली गस्त होती. इथे चौकीत, टेंटमध्ये. सरळ लिबरलाइज्ड मागितली तर नकार द्यायला त्यांना सोपं जाईल. आधी स्पेशलचा पाया घट्ट करा. तुमच्या बाजूची एक गोष्ट: आजार किंवा मृत्यू सेवेमुळे झाला का हे ठरवायचे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून बदलले, पण दादा त्याआधी गेले. जुन्या नियमांखालच्या खटल्यांत, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच झाला असं न्यायालयांनी धरलं आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धर्मवीर सिंग निकाल डिसॅबिलिटी पेन्शनचा आहे, तरी याच मुद्द्यावर कामी येतो.

आपशिंगेकर
आमच्या आपशिंगे मिलिटरी गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आजही घरटी फौजी आहे, आणि आजही प्रत्येक घरात कागदांची एक पिशवी आहे. माझा भाचा अग्निवीर आहे, त्याच्या घरच्यांना हेच नियम का?

निवृत्त_बराकवाला
नाही. अग्निवीरांना पेन्शन नाही. मृत्यू झाला तर ४८ लाखांचा विमा आणि इतर रकमा. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

कोरेगाव_८७
पत्र सापडलं. वहिनीने नावाच्याच भानगडीतलं समजून आधारच्या झेरॉक्समागे लावून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात तेच शब्द आहेत. खाली लिहिलंय, सहा महिन्यांत अपील करता येईल. पत्राची तारीख धरली तर आठ दिवस उरलेत.

निवृत्त_बराकवाला
मग सोमवारची वाट बघू नका. उद्या सकाळी सैनिक कल्याण कार्यालयात जा. पत्र, पीपीओ, मृत्यू प्रमाणपत्र आणि युनिटकडून आलेला प्रत्येक कागद न्या. पहिलं अपील वहिनींच्या सहीचं असतं, तुमची सही चालणार नाही. मृत्यूची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची चौकशी, झाली असेल तर तिची प्रत आणि वैद्यकीय कागद माहिती अधिकारात मागा, १० रुपये लागतात. त्या कागदांसाठी अपील मात्र अडवू नका, ते मागाहून जोडता येतात. मसुदा मी रात्री लिहून पाठवतो. सही कोणत्या नावाने करायची ते आधी ठरवा.

कोरेगाव_८७
रेखा ऊर्फ वैशाली चालेल का?

निवृत्त_बराकवाला
चालेल. आणि प्रतिज्ञापत्रातही अगदी तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे नको.