बेढब, भद्दी की कुरूप? गाडीला नेमकं काय म्हणावं

अनुवादिनी:
एका मासिकासाठी मोटारींवरच्या लेखाचा अनुवाद करतेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. लेख फियाट मल्टिप्लावर आहे. १९९८ मधली इटालियन गाडी. लांबी चार मीटरच्या आत, तरी पुढे तीन आणि मागे तीन अशी सहा माणसं बसतात. पण पुढच्या काचेखाली, बॉनेटच्या वर पत्र्याची एक वळकटी आहे आणि तिच्यात दिव्यांची आणखी एक जोडी बसवलीय. लोकांनी तिला 'अग्ली' ठरवलं, आणि ज्यांच्या घरी ती होती ते म्हणत राहिले की 'प्रॅक्टिकल' आहे. हे दोन शब्द लेखभर येतात. मी 'कुरूप पण व्यवहार्य' लिहिलं. नवऱ्याने वाचून विचारलं, "व्यवहार्य म्हणजे? अशी गाडी बनवणं शक्य आहे, असं का?" त्याचं बरोबर आहे. योजना व्यवहार्य असते, गाडी कशी असेल? सुचवा.

शब्दनिष्ठ:
'कुरूप' अचूक आहे, तो ठेवा. 'व्यवहार्य'च्या जागी 'उपयुक्त' घाला. कुणीतरी 'बेढब' सुचवेलच, पण 'बे' हा फारसी उपसर्ग आहे. हाताशी स्वच्छ शब्द असताना उसना कशाला?

माजी फिटर:
गॅरेजमध्ये तीस वर्षं काढली. गाडीला 'कुरूप' म्हणताना एकही माणूस ऐकला नाही. आम्ही म्हणतो 'गाडीला डौल नाही' किंवा 'तोंड बिघडवलंय'. गाडीची पुढची बाजू म्हणजे तोंडच. तुम्ही सांगताय त्या गाडीचं बाकी सगळं ठीक आहे, फक्त कपाळ चुकलंय. मग सगळ्या गाडीला एकच शब्द का लावायचा?
आणि प्रॅक्टिकल म्हणजे 'कामाची'. ओम्नी घ्या. १९८४ ते २०१९ एवढी वर्षं चालली. पुढून नाक नाही, बाजूने पावाच्या लादीसारखी सपाट. इंजिन पुढच्या सीटखाली. काम करायचं तर आधी सीट उचला. उन्हाळ्यात ड्रायव्हरच्या मांड्या भाजायच्या. पण सरकता दरवाजा उघडला की भाजीच्या पाट्या आत, शाळेची पोरं आत, स्ट्रेचरसुद्धा आत. माझ्या सासऱ्यांना हॉस्पिटलात नेलं ते ओम्नीतूनच. त्या दिवशी तिच्या रूपाकडे कुणी पाहिलं नाही.

वऱ्हाडी:
आमच्याकडे सरळ 'भद्दी' म्हणतात. 'काय भद्दी गाडी घेतली बावा!' तिसरा शब्द लागतच नाही.

शब्दनिष्ठ:
'भद्दी' हिंदी आहे.

वऱ्हाडी:
माझी आजी हिंदीचा एक शब्द न शिकता गेली आणि जन्मभर 'भद्दं' म्हणत होती. दोन्ही भाषांत शब्द आहे म्हणून तो लगेच हिंदीच्या मालकीचा कसा होतो? पुण्यात जे बोलत नाहीत ते मराठी नाही, हा हिशेब आता थांबवा.

जालनेकर ताई:
मला 'कुरूप'बद्दल बोलायचंय. हा शब्द मी पहिल्यांदा आमच्या बैठकीत ऐकला, मोठ्या बहिणीला बघायला आलेल्यांच्या तोंडून. चहाचे कप अजून गोळा व्हायचे होते आणि ती दाराआड उभी होती. तेव्हापासून हा शब्द मी कशालाच लावत नाही.
भावना बाजूला ठेवली तरी अर्थाचा मुद्दा राहतो. रूप जन्माचं असतं, ते कुणी आखून दिलेलं नसतं. मोटार कुणीतरी कागदावर काढलेली असते. जिथे घडवणारा हात आहे तिथे 'बेढब', 'बेंगरूळ' असे घडणीचे शब्द बसतात. वस्तूला 'कुरूप' म्हटलं की घडवणारा सुटतो आणि दोष वस्तूच्या माथी जातो.

अनुवादिनी:
ताई, हे मनाला भिडलं. 'कुरूप' काढतेय. घडवणारा हात इथे खरंच आहे, रोबेर्तो जोलितो. त्याने ही गाडी आतून बाहेर आखली, आधी सहा माणसांची जागा आणि मग पत्रा. म्हणून ती रुंदही आहे, एक मीटर ८७ सेंटीमीटर. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ती प्रदर्शनात मांडली होती. म्हणजे ज्यांचं कामच नजरेचं आहे त्यांना ती पाहण्याजोगी वाटली. पुढे २००४ मध्ये कंपनीने वळकटी काढून तिचं तोंड चारचौघींसारखं केलं. मला ती आधीचीच आवडते. मग 'देखणी'च्या उलट काही आहे का? 'अदेखणी'?

शब्दनिष्ठ:
'अदेखा' म्हणजे मत्सरी. लोक तोच अर्थ लावतील.

म्यूनिककर:
इकडे जर्मनीत सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या टू-सीव्ही गाडीला 'एंटे' म्हणतात, म्हणजे बदक. डच लोक तर तिला सरळ 'बेढब बदक' म्हणायचे. १९४८ मध्ये पॅरिसला लोकांसमोर आली तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती. पण ती आखताना अट काय होती, तर नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटता कामा नये. बदक हे नाव चिडवण्यातून आलं आणि पुढे लाडाचं झालं. मराठीत असं झालेलं आठवतं का कुणाला?

जालनेकर ताई:
झालंय की! तीनचाकी टेम्पोला आम्ही 'डुक्कर' म्हणायचो. पुढे निमुळतं लांब नाक, मागे फुगीर धड आणि घुरघुर आवाज. 'डुकरात बसून ये' असं आई फोनवर सहज सांगायची, त्यात तिरस्कार कणभर नव्हता.

माजी फिटर:
ती हॅन्सियाट. बजाज टेम्पोची. 'टेम्पो' हा शब्दही मुळात हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव. आता कुठल्याही मालवाहू गाडीला म्हणतात. शब्दनिष्ठ साहेब, टेम्पोला काय म्हणायचं ते सांगा.

शब्दनिष्ठ:
जिथे पर्याय नाही तिथे माझी हरकत नाही, हे मी पूर्वीही लिहिलंय. पर्याय असताना टाळू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. 'उपयुक्त'वर कुणी उत्तर दिलेलं नाही.

कऱ्हाडकर:
मी देतो. 'उपयुक्त' सरकारी पत्रकात शोभतो. औषध उपयुक्त, माहिती उपयुक्त. गाडी 'सोयीची' असते. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्याकडे खाली बसकी, दिसायला सुरेख सेडान होती. आईला तिच्यात बसवताना दोघांना धरावं लागायचं. विकून वॅगन-आर घेतली. भाऊ म्हणाला, ठोकळा घेतलास. पण तिची सीट बरोबर आईच्या कमरेच्या उंचीला येते. आई गाडीकडे पाठ करते, दाराला धरून टेकते, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते आणि पदर सावरून म्हणते, "चल." कुणाचा हात लागत नाही. याला 'सोय' म्हणतात. 'उपयुक्तते'त माझी आई दिसत नाही.
माझ्या मते 'सोय' आणि 'सोयरा' एकाच घरचे. सोय पाहणारा तो सोयरा.

शब्दनिष्ठ:
ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण 'सोयरा'चा संबंध 'सोदर'शी लावतात.

कऱ्हाडकर:
सोदर म्हणजे सख्खा भाऊ. सोयरा लग्नाने जोडलेला. सख्ख्या भावाला कोण सोयरा म्हणतं? मला नाही पटत.

वऱ्हाडी:
'सोयीची'त एक खोच आहे. 'सोयीची भूमिका', 'सोयीचं मौन'. यात थोडा स्वार्थाचा वास येतो. 'कामाची' जास्त प्रामाणिक वाटतो.

अनुवादिनी:
मला 'सोयीची'च पटतोय. वळकटी सोडली तर ती गाडी सगळी माणसांच्या सोयीनेच आखलीय. आता 'बेढब' की 'भद्दी' एवढं ठरवा, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय.

म्यूनिककर:
कऱ्हाडकर, तुमच्याकडे जीपला 'वडाप' म्हणतात ना? ते कुठून आलं?

कऱ्हाडकर:
आमचे आजोबा सांगायचे, 'वड आणि आप', म्हणजे प्रवासी ओढायचा आणि आत आपटायचा. खरं-खोटं माहीत नाही, पण स्टँडवर कंडक्टर पोरगा हाताला धरून ज्या तऱ्हेने आत घ्यायचा ते पाहिलं की पटायचं. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूलासुद्धा एक माणूस, गिअरच्या दोन्ही अंगांना पाय टाकून आणखी एक.

जालनेकर ताई:
आमच्याकडे 'काळी-पिवळी'. गावाकडच्या जीपलाही तेच.

माजी फिटर:
ट्रॅक्सला आम्ही 'तो' म्हणायचो आणि सुमोला 'ती'. दोन्ही जीपच, मग असं का, ते सांगा कुणीतरी. आणि सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे. टाटांच्या टेल्को कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातलं 'सु' आणि इंग्रजी आडनावातलं 'मो' घेऊन १९९४ मध्ये ते नाव ठेवलंय.

वऱ्हाडी:
आमच्याकडे ट्रॅक्सही 'ती'च.