गाडीच्या काचेवर पाणी मारणाऱ्या वॉशरची मोटर वाजते पण पाणी येत नाही, वायपर परतताना टकटक करतो. आत नक्की चालतं कसं?

पवनाकाठ
मंडळी, गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो, समोरच्या ट्रकने चिखलाचा सपकारा मारला, मी स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढली, वॉशर मोटरचा घर्रर आवाज आला पण पाण्याचा थेंब नाही आणि वायपर मात्र सुरू झाले, त्यांनी तो चिखल सगळ्या काचेवर सारवून ठेवला. पुढे वळण, डावीकडे दरी आणि समोर काही दिसत नाही, घरचे सगळे गाडीत. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

दुसरी तक्रार म्हणजे वायपर वर जाताना काच स्वच्छ करतो पण खाली येताना टकटक उडत येतो आणि पांढुरका पट्टा सोडतो. फक्त खाली येतानाच. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला "सगळा सेट बदलून टाकू, वायपर मोटर, लिंकेज, पाण्याची टाकी, कटकट मिटेल." बदलायला लागलं तर बदलू, पण त्याआधी ही सिस्टीम आत कशी चालते ते मला समजून घ्यायचंय. आणि टाकीत बोअरचं पाणी आणि थोडा शाम्पू चालतो का तेही सांगा.

बोल्टनट_सांगली
पवनाकाठ दादा, आधी सेट बिट काही बदलू नका. दांडी एकच असली तरी तिच्यामागे दोन वेगळ्या सिस्टीम आहेत, पाणी उडवणारी वेगळी आणि पुसणारी वेगळी, दोघींच्या मोटरसुद्धा वेगळ्या. तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकाच वेळी दिसतायत इतकंच. मी पाण्याचं सांगतो, मोटर आणि रबराचं बाकीचे सांगतील.

टाकी बहुतेक गाड्यांत पुढच्या बंपरच्या किंवा मडगार्डच्या आत लपलेली असते, तुम्हाला फक्त तिचं तोंड बोनेटखाली दिसतं. टाकीच्या बुडाशी एक रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रिंग) असतो आणि त्यात अंगठ्याएवढी जाड वॉशर मोटर नुसती दाबून बसवलेली असते, बऱ्याच गाड्यांत स्क्रूसुद्धा नसतो. तो साधा सेंट्रिफ्यूगल पंप आहे, पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकतो, पण त्याला स्वतःहून पाणी वर ओढता येत नाही म्हणून तो टाकीच्या तळाला, पाण्याच्या पातळीखाली ठेवतात. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तिथून पाईप इंजिनच्या कडेने वर, बोनेटच्या बिजागरीजवळून पुढे, मग टी म्हणजे दोन फाटे फोडणारा जोड, आणि टीपासून दोन नोझल (फवारा मारणारी बारीक तोंडं). मध्ये कुठेतरी एक नॉन रिटर्न व्हॉल्व असतो, त्याचं काम म्हणजे पाईपातलं पाणी परत टाकीत उतरू द्यायचं नाही, म्हणजे दांडी ओढली की लगेच फवारा येतो. हा व्हॉल्व गेला की पाणी उशिरा येतं, आणि तो चिकटला की येतच नाही.

तुमची मोटर वाजतेय ना? मग फ्यूज, वायरिंग, स्विच हे सगळं बाद झालं. बिघाड पाण्याच्या वाटेवर आहे. बोनेट उघडून खालून नोझलचा पाईप हळूच ओढून काढा आणि कोणाला तरी दांडी ओढायला सांगा. पाईपातून जोरात पाणी आलं तर नोझल चोक आहे. नाही आलं तर टीच्या आधी सोडून बघा, तिथेही नाही तर थेट मोटरच्या तोंडाशी. जिथे पाणी येतं आणि पुढे येत नाही, त्या दोन जागांच्या मध्येच चोर आहे. बिजागरीपाशी पाईप दबलेला किंवा निसटलेला मी कित्येक गाड्यांत बघितलाय, बोनेट उघडझाप होताना तिथेच त्याला त्रास होतो. हे करताना दांडी सलग दहाएक सेकंदांपेक्षा जास्त ओढून धरू नका आणि टाकी रिकामी असताना तर अजिबात चालवू नका, कोरडा पंप लवकर जातो.

नोझल चोक असेल तर बाहेरून सुई खुपसायची सवय सगळ्यांना आहे पण त्याने घाण आत ढकलली जाते. नोझल खालून क्लिप दाबून काढा आणि बाहेरच्या भोकातून उलटी हवा मारा, पंक्चरवाल्याकडची हवा कमी प्रेशरवर चालते. गोळीवाला नोझल (भोक असलेली फिरती गोळी बसवलेला) असेल तर बसवल्यावर सुईने गोळी फिरवून फवारा काचेच्या मध्याच्या थोडा वर पडेल असा लावा, कारण वेगात वारा त्याला खाली दाबतो. पंख्यासारखा पसरट फवारा मारणारे नोझल असतात त्यांना मात्र सुई लावू नका.

बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या जड पाण्यातले क्षारच त्या टाचणीएवढ्या भोकात बसतात. आरओचं किंवा बॅटरीचं डिस्टिल्ड घाला. शाम्पूचा फेस काचेवर वाळला की रात्री समोरच्या हेडलाईटमध्ये सगळी काच पांढरी दिसते, त्यापेक्षा वॉशर फ्लुइडची बाटली घ्या आणि तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच प्रमाणात मिसळा. आणि रेडिएटरचा कूलंट चुकूनही ओतू नका, काचेवर चिकट थर बसतो.

वायंडिंगवाला
वायपर मोटरबद्दल माझ्याकडून. ही बारा व्होल्टची डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म म्हणजे आटे पाडलेले असतात आणि ते एका मोठ्या गिअरला फिरवतात. मोटर खूप जोरात फिरते पण ताकद कमी, वर्म गिअर तिचा वेग खूप उतरवतो आणि त्या बदल्यात जोर वाढतो, म्हणून ओल्या काचेवर दोन्ही ब्लेड दाबून ओढायला एवढीशी मोटर पुरते. त्या गिअरच्या शाफ्टवर जात्याच्या खुंट्यासारखा मध्यापासून बाजूला काढलेला एक क्रँक असतो. मोटर एकाच दिशेने गोल फिरत राहते, पुढची पट्टी म्हणजे लिंकेज त्या गोल फिरण्याचं मागेपुढे करते, आणि आर्म म्हणजे ब्लेड धरणारे दांडे डावीउजवीकडे झुलतात. लिंकेजच्या सांध्यात प्लॅस्टिकचे बुश (वाट्या) असतात, ते झिजले की सांधा निसटतो आणि मग एक वायपर चालतो, दुसरा पडून राहतो. त्यात मोटरचा काहीच दोष नसतो तरी लोकांना नवीन मोटर विकली जाते, याचा मला खरंच राग येतो.

दोन स्पीड कसे मिळतात ते भारी आहे. मोटरला दोन नाही तर तीन कार्बन (फिरणाऱ्या भागाला घासून करंट पोचवणारे तुकडे) असतात. एक कॉमन, त्याच्या बरोबर समोर स्लोचा, आणि थोडा बाजूला सरकवलेला फास्टचा. फास्टच्या कार्बनला करंट दिला की मधल्या वाटेत वायंडिंगचे वेढे कमी येतात, उलटा तयार होणारा व्होल्टेज कमी पडतो आणि मोटर जास्त जोरात फिरायला लागते. म्हणून वायपर फक्त फास्टवर चालतात आणि स्लोवर मेल्यासारखे पडतात तेव्हा स्लोचा कार्बन संपलेला असू शकतो (आधी स्विच तपासून घ्या).

आता पार्किंग. तुम्ही वायपर अर्ध्यावर असताना स्विच बंद केला तरी ते खाली जाऊनच थांबतात ना? मोठ्या गिअरवर तांब्याची एक चकती असते आणि तिला एका जागी खाच. स्विच बंद केला तरी चकतीच्या कॉन्टॅक्टमधून मोटरला करंट मिळत राहतो, खाच आली की तो तुटतो आणि त्याच क्षणी मोटरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली जातात, फिरणारी मोटर स्वतःच जनरेटर होते आणि तिचाच ब्रेक तिला लागतो. म्हणून वायपर घसरत पुढे न जाता जागेवर थांबतो. पण चावीच बंद केली तर हा करंटही जातो, म्हणून तेव्हा वायपर अर्ध्यावर अडकतात.

अजून एक, बऱ्याच मोटरमध्ये थर्मल कटआउट असतो. वायपर चिखलाने किंवा पानांनी अडकला आणि मोटर तापली तर ती बंद पडते आणि थंड झाली की पुन्हा चालते. तेव्हा मोटर जळाली म्हणून घाबरू नका, आधी काचेखालच्या प्लॅस्टिकच्या जाळीत अडकलेला पाला काढा.

गाडीवेडी_नाशिक
टकटकीचं मी सांगते. ब्लेडचं रबर जवळून बघितलंय का कधी? वरचा जाड भाग, मध्ये अगदी बारीक मान, आणि खाली पातळ ओठ. वायपर वर जाताना ओठ मागे झुकून ओढला जातो, दिशा बदलली की त्या मानेतून तो पलटी मारतो आणि दुसऱ्या बाजूला झुकून परत ओढला जातो. प्रत्येक फेरीत दोनदा पलटी. गाडी उन्हाळाभर उन्हात उभी राहिली की ओठ एकाच बाजूला झुकलेला कडक होऊन बसतो. मग एका दिशेला तो ओढला जातो पण दुसऱ्या दिशेला पलटतच नाही, उभा राहून काचेला ढकलतो, अडकतो, उडी मारतो, परत अडकतो. तीच तुमची टकटक, आणि पट्टासुद्धा त्यानेच. फक्त एका दिशेला होतंय म्हटल्यावर माझा पहिला संशय रबरावरच, नाहीतर आर्मला पीळ बसलाय.

कसं बघायचं? वायपर अर्ध्यावर उभा असताना ब्लेडच्या टोकाकडून बघा, आर्मची पट्टी काचेला समांतर हवी म्हणजे रबर काटकोनात उभं राहतं. ती तिरकी असेल तर नवीन ब्लेड लावूनही टकटक जाणार नाही, जाणकाराकडून आर्म किंचित पिळून घ्यावा लागेल. आर्म सरळ असेल तर ब्लेड बदला, आणि बदलताना काचेवर जाड टॉवेल ठेवा, ब्लेड काढलेला आर्म स्प्रिंगने आपटला तर काच तडकते.

पण नवीन ब्लेडच्या आधी काच धुवा हो! हायवेवरचा डिझेलचा धूर, टायरचं काळं, वॅक्सवालं वॉशिंग, याचा तेलकट थर बसतो आणि त्याच्यावर कुठलंही रबर उडतंच. भांड्याचं लिक्विड आणि स्पंज, भरपूर पाण्याने धुवायचं, मग ओठ ओल्या कपड्याने पुसायचा, कपडा काळा येईल तोवर. आणि आतून पण बघा, कधीकधी पांढुरकं दिसतं ते काचेच्या आतल्या बाजूचं बाष्प असतं, ते वायपरने कसं जाणार, एसी लावून हवा काचेवर सोडा.

कोरड्या काचेवर धूळ पुसायला वायपर कधीच चालवू नका. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि ते काचेपेक्षा कडक असतात, मग ओठाखाली अडकून ते कमानीसारखे ओरखडे पाडतात. दांडी ओढल्यावर आधी पाणी येतं आणि मग वायपर हलतो, ते यासाठीच. तुमच्याकडे पाणी आलं नाही आणि वायपर कोरडेच चिखलावर फिरले, तर उन्हात काच तिरकी बघा ओरखडे पडलेत का.

मिशिगनकर
इकडे डेट्रॉइटजवळ राहतो म्हणून थोडं वेगळं सांगतो. हिवाळ्यात टाकीत साधं पाणी म्हणजे गोठून पंप, पाईप, कधी टाकीच फुटते. त्यामुळे अल्कोहोल मिसळलेलं निळं फ्लुइड वापरतात. लेहला किंवा मनालीला डिसेंबरात गाडी नेणार असाल तर टाकीतलं पाणी फवारून संपवा आणि थंडीचं फ्लुइड भरा, आणि ब्लेड काचेला गोठून चिकटलेला असताना स्विच चालू करू नका.

अमेरिकेच्या नियमात वायपरला दोन स्पीड सक्तीचे आहेत, एक मिनिटाला किमान ४५ फेऱ्यांचा, दुसरा किमान २० चा आणि दोघांत निदान १५ चा फरक हवा. आपल्याकडेसुद्धा १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पॉवरवर चालणारा वायपर बंधनकारक आहे.

आणि थांबून थांबून चालणारा इंटरमिटंट वायपर इथल्याच रॉबर्ट कर्न्स नावाच्या इंजिनिअरने केला. १९६४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) हळूहळू भरतो, भरला की ट्रान्झिस्टर (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू, वायपर एक फेरी मारतो, पुन्हा भरणं सुरू. रेझिस्टन्स बदलला की मधली विश्रांती कमी जास्त होते. पुढे कंपन्यांनी तेच वापरलं आणि तो वर्षानुवर्षं कोर्टात लढला, १९९० मध्ये फोर्डने त्याला एक कोटी दोन लाख डॉलर देऊन तडजोड केली. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. आता हे काम कॉम्प्युटर करतो, आणि रेन सेन्सरवाल्या गाडीत आरशामागून काचेत इन्फ्रारेड उजेड सोडतात, काच कोरडी असेल तर तो आतल्या आत परावर्तित होऊन परत येतो, थेंब पडला की त्यातला काही बाहेर निसटतो, परत येणारा उजेड कमी झाला की वायपर हलतो.

पवनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, खूप शिकायला मिळालं. काल संध्याकाळी बोल्टनट दादांनी सांगितलं तसं एकेक पाईप सोडत गेलो. मोटरच्या तोंडाशीच पाणी करंगळीच्या धारेएवढं येत होतं. चाकाजवळचं प्लॅस्टिक सोडून पंप ओढला तर खालची जाळी हिरव्या शेवाळाने पूर्ण लिंपलेली, वर क्षारांची पांढरी खडी. जाळी ब्रशने घासली, टाकी दोनदा विसळली, आता फवारा काचेच्या वर छपरापर्यंत जातो, गोळी खाली करावी लागली. काच धुतली आणि नवीन ब्लेड लावले, टकटक गेली. कुठलाही सेट बदलला नाही.

आता एकच राहिलं. मागच्या काचेचा वॉशर चालवला की पाणी काचेवर कमी येतं आणि डिकीच्या वरच्या बाजूला आतलं छताचं कापड ओलं होतं. पुढचा मस्त चालतो मग मागचा असा का? त्याला पंप वेगळा असतो का?

बोल्टनट_सांगली
छान झालं दादा. मागच्याचं मात्र ताबडतोब बघा, कारण छतात वायरिंग असतं.

काही गाड्यांत मागे वेगळा पंप असतो, पण खूप हॅचबॅकमध्ये एकाच पंपाला दोन तोंडं असतात. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे, प्लस मायनस उलटं करून दुसऱ्या दिशेने फिरली की मागे, मधला रबरी पडदा प्रेशरने सरकतो आणि नको ते तोंड बंद करतो. तुमच्याकडे मागेही थोडं पाणी येतंय म्हणजे पंप ठीक आहे. मागचा पाईप डॅशबोर्डखालून किंवा दाराच्या पट्टीतून छताच्या कापडावरून डिकीपर्यंत जातो, आणि डिकी जिथे वर उघडते तिथे वायरींबरोबर तो एका रबरी नळीतून वाकतो. डिकी रोज उघडझाप होते, तिथला जोड निसटतो किंवा पाईप कडक होऊन चिरतो. त्या रबरी नळीचं एक टोक ओढून बाहेर काढा, जोड समोरच दिसेल. निसटला असेल तर टोक एक इंच कापून ताज्या भागावर परत बसवा, चिरला असेल तर तेवढ्याच मापाचा पाईप आणि जोडणारा नळीचा तुकडा स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतो. जोडून झालं की कापड खाली ओढून एक दिवस उन्हात डिकी उघडी ठेवा, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत मागचा वॉशर वापरू नका.