मीडियम वेव्ह डीएक्ससाठी अँटेना कोणता? लूप, लाँगवायर का बेव्हरेज

सुपारीबाग
नमस्कार मंडळी. राहायला पुण्यात, फ्लॅटमध्ये, पण दिवाळीनंतर महिनाभर दापोलीजवळ गावी असणारे, वर्क फ्रॉम होम. तर यंदा तिकडे मीडियम वेव्हवर डीएक्स, म्हणजे लांबलांबची स्टेशनं, नीट ऐकायचंय. सेट टेकसनचा छोटा, आतल्या फेराइट रॉडवरच (सेटमधला अँटेना) ऐकतो. इथे लिफ्ट, एलईडी बल्ब, चार्जर, शेजारचा इन्व्हर्टर, सगळ्यांची मिळून अशी घरघर की ७९२ किलोहर्ट्झचं आकाशवाणी पुणे सोडलं तर धड काही लागत नाही. गावी मात्र घरामागे बाग आणि वर मोकळा कातळ, जागाच जागा. तीनशे मीटर वायर ओढली की झालं असं सगळीकडे वाचतोय, ओढू का सरळ? बजेट दोन-तीन हजार. आणि सेटवर लाँगवेव्हपण आहे, त्यावर आपल्याकडे काही लागतं का, का नुसती खरखरच?

जुनामर्फी
वायर नंतर ओढा हो, आधी लूप करा, म्हणजे चौकटीवर वायर गुंडाळलेला अँटेना. मीडियम वेव्हला रात्री सिग्नल कमी पडतो असं नसतंच, एकेका फ्रिक्वेन्सीवर तीन-तीन स्टेशनं एकमेकांवर चढलेली असतात आणि वर घरातली घरघर. लांब वायर लावली की हे सगळंच मोठं होतं, हवं ते स्टेशन वर येत नाही. त्यात छोट्या सेटला वायर थेट जोडली तर तिकडे ११४३ रत्नागिरी आणि ७९२ पुणे नको तिथेपण ऐकू यायला लागतील. म्हणून अँटेना किती ओढतो यापेक्षा काय बुडवू शकतो ते बघायचं.

लूपचं काम सोपंय. कड स्टेशनकडे असली की फुल आवाज, तोंड स्टेशनकडे फिरवलं की ते बुडतं, त्यालाच नल म्हणतात. आता ८८२ घ्या. संध्याकाळी श्रीलंकेतलं पुट्टलम, ४०० किलोवॅट, दणकून लागतं. त्याच ८८२ वर आपलं आकाशवाणी इम्फाळ आहे. दापोलीहून पुट्टलम आग्नेयेला, जरा दक्षिणेकडे, आणि इम्फाळ पूर्व-ईशान्येला, दोघांत जवळजवळ काटकोन. म्हणजे लूपचं तोंड पुट्टलमकडे केलं की कड आपोआप इम्फाळकडे! पुट्टलम पूर्ण जात नाही, रात्रीचा सिग्नल वरून येतो आणि त्याचा कोन बदलत राहतो त्यामुळे नल हलतो, पण मधेमधे खालून इम्फाळ डोकं वर काढतं आणि मजा त्यातच आहे. इम्फाळला सूर्य आपल्या साधारण दीड तास आधी मावळतो, त्यामुळे संध्याकाळी लवकर बसा.

बनवायला एक मीटर बाजूची लाकडी चौकट, त्यावर इनॅमल वायरचे आठ वेढे, वेढ्यांत थोडी फट ठेवायची, आणि दोन टोकांना ५०० पीएफचा गँग कंडेन्सर, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा. ५३१ पासून १६०२ पर्यंत सगळं येतं. सेटला वायर जोडायचीच नाही, नुसता लूपजवळ ठेवायचा आणि गँग फिरवायचा, एका जागी आवाज एकदम फुगतो.

सड्यावरचा
मर्फीकाका लूपचं बरोबरच सांगतायत पण ज्याच्या घरामागे कातळाचा सडा आहे त्याला चौकटीवर भागवायला सांगणं म्हणजे कोकणात येऊन बाजारातले मासे न आणता टिनमधले खाणं आहे. बेव्हरेज, म्हणजे तीच तीनशे मीटरवाली, ही नुसती लांब वायर नव्हे. दोन-तीन मीटर उंचीवर सरळ रेषेत ओढायची, लांबच्या टोकाला साधारण ४७० ओहमचा कार्बन रेझिस्टर लावून तो जमिनीशी जोडायचा (अर्थिंग), आणि ऐकायचं ते त्या टोकाच्या दिशेचं, मागचं दबतं. १००० किलोहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, म्हणून तीनशेचा आकडा. कोरड्या खडकाळ जमिनीवर ती जास्त चांगली चालते कारण जमीन खराब असली की लाट पुढे झुकते आणि वायरीला तेच लागतं, भातखाचरावर किंवा खारट जमिनीवर तेवढी चालत नाही. जांभ्याचा सडा म्हणजे उत्तम जागा.

दिशा पश्चिम-वायव्य ठेवा, म्हणजे रेझिस्टर समुद्राच्या बाजूला आणि तुम्ही घराच्या बाजूला. समोर अरबी समुद्र, खाऱ्या पाण्यावरून सिग्नल फार कमी खर्च होऊन येतो. १५२१ वर सौदीचं दुबा ट्राय करा, २००० किलोवॅट. इराण आणि आखातातली बाकीची त्याच बाजूला.

अडचणी दोन. जांभ्यात अर्थचा रॉड ठोकता येत नाही, विहिरीजवळची ओली माती किंवा खड्ड्यात कोळसा-मीठ. आणि वांदर, ते वायर तोडणारच, रोज सकाळी फेरी मारावी लागते. सेटला जोडताना मध्ये जुळणीसाठी नऊला एक (९:१) ट्रान्सफॉर्मर हवा, आणि छोट्या सेटचं बाहेरचं सॉकेट बरेचदा फक्त शॉर्टवेव्हला चालतं ते आधी बघून घ्या. वीज चमकायला लागली की वायर काढून बाहेर टाकायची, यात हयगय नको.

बर्लिनचासातारकर
लाँगवेव्हचं मी सांगतो. भारतात त्यावर प्रसारण नाहीच, तो बँड युरोप, आफ्रिका आणि मंगोलियाकडचा. इथेपण एकेक बंद होत गेलं, जर्मनीची १५३ आणि २०७ २०१४ अखेर गेली, फ्रान्सचं १६२ वर बोलणं २०१६ अखेर थांबलं, फक्त वेळेचा सिग्नल ठेवला. पोलंडचं २२५ इथे रेडिओच्या रॉडवरसुद्धा दिवसा येतं. त्यांचा आधीचा मास्ट (अँटेनाचा मनोरा) ६४६ मीटरचा, तेव्हा जगात सगळ्यात उंच, १९९१ मध्ये ताणाच्या तारा बदलताना कोसळला.

अँटेना म्हणाल तर २२५ ची तरंगलांबी तेराशे मीटरच्या वर, तेव्हा बेव्हरेज विसरा. लूपच, वेढे पंचवीस-तीस. मिनी-व्हिपपण लोक लावतात, छोटासा अॅक्टिव्ह, म्हणजे आत अॅम्प्लिफायर असलेला, पण तो घरापासून लांब, उंचावर आणि वेगळ्या अर्थवर नसेल तर घरातली घरघरच ऐकवतो. फ्लॅटवाल्यांनी नादाला लागू नये.

जुनामर्फी
लाँगवेव्हवर आपल्याकडे २०० ते ४०० मध्ये विमानतळांचे बीकन (विमानांना दिशा दाखवणारे सिग्नल) शोधा, मोर्समध्ये दोन-तीन अक्षरं परत परत. लूपने त्यांची दिशापण काढता येते.

सुपारीबाग
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. आधी लूप करतो, सेटचं सॉकेट बघून मग बेव्हरेज, वांदरांची सोय भावावर सोपवतो. गँग कंडेन्सर कुठे मिळेल पण? ऑनलाइन भलतेच भाव दिसतायत.

जुनामर्फी
पुण्यातच आहात ना, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ विचारा, नाहीतर भंगारातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ बघा. पाती एकमेकांना घासत नाहीत ना ते फिरवून बघून मगच पैसे द्या.